मेमोला उत्तर नाही

शुद्ध तुपाचे डबे हिरवे छापले गेले ते माझ्यामुळे. हे वाक्य आज मी किती सहज लिहून गेलो बघा. ज्या आठवड्यात ते कोणाच्या उपयोगी पडलं असतं, त्या आठवड्यात मात्र ते घशाशी यायचं आणि तिथूनच परत जायचं.

साल त्र्याऐंशी. वालीवला आमचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना होता. आमचा म्हणजे मी तिथं क्लार्क होतो, तेवढ्यापुरता आमचा. ऑफिस आणि छपाईखाना यांच्यामध्ये बिनकाचेची एक खिडकी होती. नियम असा होता की फोनवर ऑर्डर आली की क्लार्कनं जॉबकार्ड टाइप करायचं, मॅनेजरनं सही करायची, कार्ड छपाईखान्यात जायचं आणि मगच शाई कालवायची. पद्धत अशी होती की मी खिडकीतून डोकं घालून ओरडायचं. कार्ड आपलं जेवणानंतर सावकाश जायचं आणि मशीनशेजारच्या खिळ्याला अडकून बसायचं. ते कोणी वाचत नसे. सगळा कारखाना माझ्या आणि माझ्याआधीच्या क्लार्कच्या घशावर चालला होता.

त्या दिवशी दोन ऑर्डरी होत्या. शुद्ध तुपाचे डबे पिवळे, वनस्पती तुपाचे हिरवे. मी रंग चुकून खालच्या ओळीतला वाचला आणि खिडकीतून ओरडलो, "काका, शुद्ध तुपाचा पत्रा लावा! हिरवा!"

मशीन थांबलं. ते चालवणाऱ्या बॅप्टिस्टकाकांनी मान वर केली. "हिरवा? शुद्ध तुपाला?"

"हिरवाच. लवकर करा, गाडी संध्याकाळी आहे."

"शुद्ध तुपाला हिरवा," काका स्वतःशी म्हणाले. लांबच्या नात्यातल्या कोणी भलतीशीच लग्न केल्याचं कानावर आलं की माणूस जसं म्हणतो, तसं. आणि शाई कालवायला बसले.

दुपारी मी कार्ड टाइप केलं. टाइप करताना माझी चूक होत नाही, तोंडानं बोलताना होते. कार्डावर मी नीट 'पिवळा' टाइप केलं, साहेबांनी सही केली, कार्ड खिळ्याला गेलं. तोवर अकराशे पत्रे छापून भट्टीत भाजून निघाले होते आणि पत्र्यावर भाजलेला रंग निघत नाही.

दुसऱ्या दिवशी तूपवाल्यांचा माणूस आला आणि हिरवे डबे बघून मटकन खाली बसला. "यात आमचं तूप भरलं तर गिऱ्हाईक वनस्पती म्हणून तोंडावर फेकेल हो!" आमचे मॅनेजर दाणीसाहेब छपाईखान्यात गेले आणि त्यांनी खिळ्यावरचं कार्ड काढलं. पिवळा. स्वच्छ अक्षरात पिवळा. काकांनी कार्डाकडे बघितलं, मग खिडकीतून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. किती वाजले म्हणून घड्याळाकडे बघावं इतकंच.

मी टाइपरायटरची रिबन बदलायला घेतली. रिबन नवीच होती.

बॅप्टिस्ट सांतान तुस्कानो हा माणूस नंदाखालचा. वय पन्नासच्या आतबाहेर, अंगानं किडकिडीत, कानांवर पांढरे केस आणि नखांत कायमची शाई. रोज सकाळी नंदाखालहून सायकल हाणत वालीवला यायचे, समोर कोणी आडवं आलं तरी घंटी वाजवायची सवय नाही, तोंडानंच "हो हो हो" करत यायचे. मशीन चालू करण्यापूर्वी छातीवर क्रूस करायचे आणि मग मशीनच्या चाकावरही बोटानं एक छोटासा क्रूस काढायचे. मशीन जर्मन होतं. आपल्याच धर्माचं असणार, असा त्यांचा हिशेब.

रंगांची नावं त्यांना मान्य नव्हती. घरची केळीची वाडी होती, भाऊ गॅब्रिएल ती बघायचा, पण काकांचं सगळं रंगज्ञान तिथलंच. 'राजेळी पिवळा', 'उतरलेल्या राजेळीचा पिवळा', 'केळफुलाचा जांभळा', 'सुकेळी तपकिरी'. एकदा औषधाच्या कंपनीचा साहेब मुंबईहून रंगाचा छापील नमुना घेऊन आला. काकांनी नमुना बाहेर पायरीवर उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हे तिसऱ्या दिवशीचं केळं आहे. उद्या डाग पडायचे याला." साहेबाला काही कळलं नाही, पण शाई कालवून दाखवल्यावर त्यानं नमुना आणि पत्रा शेजारी ठेवले आणि कुठला कुठला हे त्यालाच ओळखेना. दहा वर्षांत काकांच्या हातून एकही पत्रा चुकीचा गेला नव्हता. आमच्या कारखान्यात याची नोंद कुठं नव्हती. नोंद फक्त चुकांची असते.

तर मेमो. दाणीसाहेब लष्कराच्या रसदखात्यातून निवृत्त होऊन आलेले. माणूस वाईट नव्हता. नातीच्या बारशाला सगळ्यांना पेढे वाटणारा. पण त्यांचा माणसापेक्षा कागदावर विश्वास. मला समोर बसवून त्यांनी इंग्रजीत मेमो सांगितला आणि मी तो टाइप केला. जॉबकार्डात पिवळा स्पष्ट लिहिलेला असताना आपण हिरवा का छापलात, याचा खुलासा तीन दिवसांत लेखी द्यावा, न दिल्यास कारवाई. सांगता सांगता साहेब मध्येच थांबले. "तुझं काय मत? बॅप्टिस्टसारखा माणूस असं कसं करेल?"

हीच ती वेळ. माझं तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यातून निघालं, "स्पेलिंग बघून सांगतो, साहेब."

याला कारण होतं, आणि ते कारण नायगावच्या खाडीपलीकडे राहत होतं. तिचं नाव रंभा. तिच्या बापानं आमच्या बापाला सांगून ठेवलं होतं, पोराची नोकरी कायम झाली की तारीख काढू, तोवर पोरीसाठी दुसरीकडे बघणं चालू राहील. माझी कायम होण्याची तारीख त्याच महिन्याच्या शेवटी होती. आई सकाळी डबा भरून देताना रोज विचारायची, "कागुद आला का रे सोनू? पानी पिऊन जा." जणू पाणी न पिता गेलो म्हणूनच कागद अडलाय.

मेमो मीच नेऊन दिला. काकांनी तो उलटासुलटा बघितला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मराठी सही मात्र अशी वळणदार की बँकवाले कौतुक करायचे.

"काय म्हणतो?"

मी वाचून अर्थ सांगितला. स्वतःच खणलेल्या खड्ड्याची खोली स्वतःच मोजून सांगणं हे काम फार कमी लोकांच्या वाट्याला येतं.

काकांनी हात पुसले. "उत्तर इंग्रजीतच द्यायचं?"

"हो. शेठकडे फाइल जाते ना, मुंबईला."

"मग तूच लिही. दुसरं कोण आहे इथं इंग्रजीवालं?"

"काय लिहू?"

"लिही की या कागदाला माझ्याकडे उत्तर नाही."

मी पेन्सिल उचलली. काका म्हणाले, "एवढंच. चूक केली असं लिहू नको, कारण मी केली नाही आणि खोट्यावर मी सही करत नाही. आणि बाकीचं पण काही लिहू नको. उत्तर नाही, बस. पण इंग्रजी चांगलं पाहिजे हां. साहेबाला वाईट वाटता कामा नये."

तुम्हाला वाटेल, यात काय कठीण? मलाही वाटलं. इंटरपर्यंत इंग्रजी केलेला माणूस मी. कागद चढवला आणि टाइप केलं, 'आय हॅव नो रिप्लाय.' काकांनी वळणदार सही केली. संध्याकाळी साहेबांनी कागद परत पाठवला, वर लाल पेन्सिलनं लिहून: तुमच्याकडे रिप्लाय आहे की नाही हे विचारलेलं नाही. रिप्लाय मागितलाय. नीट लिहा.

दुसऱ्या दिवशी काका नंदाखालच्या लुईसरावांना भेटून आले. लुईसराव बेलार्ड पिअरला गोऱ्या साहेबाच्या कंपनीत हेडक्लार्क होते. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी दुपारी जेवताना कोट घालायचे. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'नो कमेंट्स.' "पेपरात मोठमोठे लोक हेच म्हणतात म्हणे," काका म्हणाले. मी टाइप केलं. साहेबांनी वाचलं आणि आपल्या खोलीतून मलाच ओरडून विचारलं, "अरे, हा बॅप्टिस्ट कधीपासून मंत्री झाला?"

मग मी माझ्या डोक्यानं चालवलं. 'आय हॅव नथिंग टु से.' टाइप करण्याआधी काकांनी अर्थ विचारला.

"मला काही बोलायचं नाही."

"म्हणजे केलं त्यानंच, आता तोंड वर करून काय बोलणार, असं होतं का?"

"होऊ शकतं."

"मग खोड."

"'आय डू नॉट विश टु रिप्लाय' लिहू? उत्तर द्यायची माझी इच्छा नाही."

"इच्छेचं कुठं काढलंस? साहेबापुढं मी इच्छा कशाला सांगू? दहा वर्षांत एकदा उद्धट बोललोय का? खोड."

"'आय कॅनॉट रिप्लाय'?"

"म्हणजे?"

"मी उत्तर देऊ शकत नाही."

काकांनी जरा विचार केला. "देऊ शकतो रे. तोच तर घोटाळा आहे. खोड."

ते हे इतक्या साधेपणानं म्हणाले की मी खोडरबर शोधायला टेबलाखाली गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथं राहिलो. खोडायला कागदावर अजून काही टाइपच केलेलं नव्हतं, हे वर आल्यावर लक्षात आलं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं पायरीवर बसलो. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता, काकांनी चहा सोडला होता. त्यांच्या बायकोनं, बर्थाकाकींनी, केळीच्या सुक्या पानात बांधून दिलेली सुकेळी त्यांनी माझ्यापुढं केली. उन्हात वाळवलेल्या राजेळीचं ते गोड, चिवट बोट मी चावत बसलो. तोंड चिकटलेलं असणं मला त्या दिवसांत फार सोयीचं होतं.

"लग्न कधी तुझं?" काकांनी विचारलं.

"कायम झालो की."

"मग कधी होतोस कायम?"

"एकतीस तारखेला."

"बरं," म्हणाले, आणि दुसरं सुकेळं काढून दिलं. बस. यापुढं ते काही बोलतील, मला शिव्या देतील, पाय धरायला लावतील, असं वाटून मी थांबलो. नाही बोलले. समोर रस्त्यावरून खडीचा ट्रक गेला, धूळ उडाली, काकांनी पानावर हात धरला.

तिसरा दिवस उजाडला, म्हणजे मुदतीचा शेवटचा. सकाळी मी घरून ठरवून निघालो होतो, आज सांगायचंच. साहेबांच्या दाराशी गेलो. साहेब दातांची कवळी पेल्यात धूत होते. कवळीशिवाय त्यांचा चेहरा इतका गरीब दिसत होता की अशा माणसाला वाईट बातमी देऊ नये असं मला वाटलं. दुसऱ्यांदा गेलो तर ते फोनवर होते. तिसऱ्यांदा गेलो तर त्यांनीच हाक मारली, "ये ये. हे टाइप कर." कागद हातात दिला. माझं कायम झाल्याचं पत्र. चार दिवस आधी. "चांगलं काम करतोस," साहेब म्हणाले. "बघ ना, तुझं जॉबकार्ड बरोबर होतं म्हणून बरं. नाहीतर दोष कोणाचा हे कसं कळलं असतं?"

मी ते पत्र टाइप केलं. तीन प्रती काढल्या. एकही चूक नाही.

त्यानंतर मी जे केलं त्याला पश्चात्ताप म्हणावं की काय, मला आजही कळत नाही. काकांना मी नोकरी देऊ शकत नव्हतो, खरं देऊ शकत नव्हतो. निदान इंग्रजी तरी उत्तम द्यावं म्हणून बसलो. डिक्शनरी काढली, कारखान्याच्या जुन्या पत्रव्यवहाराच्या फायली काढल्या. दुपारी दोनपर्यंत कागदांचा ढीग झाला आणि शेवटी एक वाक्य जमलं. 'विथ ड्यू रिस्पेक्ट, आय हॅव नो रिस्पॉन्स टु ऑफर टु युवर मेमो.'

काकांना खिडकीतून बोलावलं. या वेळी हळू आवाजात. वाचून दाखवलं.

"अर्थ सांग."

"आपला योग्य तो मान राखून, आपल्या मेमोला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही."

"परत."

परत सांगितलं. काका मान हलवत राहिले. नमुना उन्हात धरून बघावा तसे डोळे बारीक केले होते.

"मान आधी आलाय, हे छान. मी केलं असं कुठं येत नाही?"

"नाही."

"देणार नाही, असंही नाही?"

"नाही. फक्त तुमच्याकडे नाही."

"माझ्याकडे नाही," काका म्हणाले. "बरोबर आहे. असेल ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे." आणि कागद भिंतीला टेकवून, जीभ जरा दातांत धरून, सही केली. सांतानचा 'सां' काढताना त्यावर टिंब द्यायला विसरले, मग आठवणीनं दिलं.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "हे कोणी लिहिलं?"

"बॅप्टिस्टचंच उत्तर आहे, साहेब."

"मी इंग्रजीचं विचारतोय."

"माझं."

"वा," साहेब म्हणाले. खरोखर खूश झाले होते. "असं हवं. मानही राहिला आणि मुद्दाही आला. शेठला आवडेल." मग चष्मा काढला, डोळे चोळले. "पण सोनू, आता मी काय करू? खुलासा नाही म्हणजे मला कारवाई करणं भाग आहे. त्यानं नुसतं चुकलो म्हटलं असतं ना, तर समज देऊन सोडला असता. कागदावर काहीतरी पाहिजे ना रे मला!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही तोड काढीन. मी पॅड पुढं ओढलं आणि पेन्सिल हातात घेतली. डिक्टेशनची तयारी. यापेक्षा जास्त मदत मला कोणाला करता आली नाही.

खुलासा सादर न केल्यामुळे सेवा समाप्त. तेही मीच टाइप केलं.

शनिवारी काका गेले. जाताना मशीन पुसलं, शाईच्या डब्यांवर झाकणं घट्ट बसवली, नवीन येणाऱ्यासाठी प्रत्येक डब्यावर खडूनं लिहून ठेवलं: राजेळी, केळफूल, सुकेळी. नव्या माणसाला, उत्तरेकडून आला होता बिचारा, त्यातलं एक अक्षर कळलं नाही. खिडकीपाशी येऊन मला म्हणाले, "जातो रे. तब्येतीला जप, तुझं तोंड फार सुकतं." आणि "हो हो हो" करत सायकलवरून फाटकाबाहेर पडले.

माझं लग्न झालं. लग्नात काका आले नाहीत. बर्थाकाकींच्या हाती सुकेळ्यांचं एक पुडकं आलं. नंतर कळायचं, काका आगाशीच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवतात. पाट्या फार नव्हत्या, दुकानं किती असणार आगाशीत? गॅब्रिएलच्या वाडीत हातभार लावायचे. पाठीचं दुखणं निघालं होतं. मी दर रविवारी जाईन जाईन म्हणायचो आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. माणसाला टाळायचं ठरवलं की कामं आपसूक सापडतात.

शेवटी रंभेनंच हे काढून घेतलं. एका संध्याकाळी मी सहज म्हणून, विनोदाचा किस्सा सांगावा तसा तो हिरव्या तुपाचा किस्सा तिला सांगायला लागलो. मध्येच तिचं हसणं थांबलं. "मग तुम्ही काय केलं?" तिनं विचारलं. मी इंग्रजी वाक्याचं सांगितलं. "उद्या जायचं नंदाखालला," म्हणाली. "जाऊन विचारायचं त्यांना. माफी मागा नाहीतर काय मागायचं ते मागा, पण जा."

गेलो. दोन वर्षं झाली होती. केळीच्या सावलीत काका चटईवर बसून सुकेळी पानात बांधत होते. हात तसेच नेमके, फक्त नखं स्वच्छ. ती स्वच्छ नखं मला बघवेनात. बर्थाकाकींनी पाणी दिलं, बसायला पाट दिला, "बायको नाही आणली?" विचारलं आणि आत गेल्या. काका वाडीचं बोलले, माझ्या आईचं विचारलं, नवा माणूस मशीनला तेल देतो का विचारलं. मी हो म्हटलं. देत नव्हता.

मग एकदाचा मी तोंड उघडून बोललो. सगळं. ओरडलो मी, वाचली चुकीची ओळ मी, कवळी, फोन, कायमचं पत्र. काका ऐकत होते आणि बांधत होते. एक पुडी संपली की दोरा दातानं तोडायचा, दुसरी घ्यायची. माझं संपलं तेव्हा पाचसहा पुड्या झाल्या असतील.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही माझ्या लग्नासाठी गप्प बसलात. मला ठाऊक आहे. पण तुमची नोकरी गेली हो. एकदा, फक्त एकदा साहेबांना माझं नाव का नाही सांगितलंत?"

काकांनी दोरा तोडला, पुडी टोपलीत टाकली आणि माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं असतं, तर तू नाही म्हणाला असतास."